सॉफ्टवेअरच्या मुखपृष्ठासाठी गणिती पृष्ठभाग: समीकरणापासून छापखान्यापर्यंत

सॉफ्टवेअरच्या खोक्यावर गणिती पृष्ठभाग लावायची पद्धत जुनी आहे. १९८८ मध्ये मॅथमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर फलकांवर टोकं उभारलेला विंशतिफलक (वीस फलकांचा ठोकळा) होता. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच्या जागी आत बाक दिलेल्या बारा फलकांचा द्वादशफलक आला, आणि त्याचीच रूपं अजून चालतात. मॅटलॅब या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरचं चिन्ह म्हणजे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या ताणलेल्या पडद्याचं पहिलं कंपन. त्यात एक मजा आहे. पडद्याच्या कडा चौकटीला घट्ट बांधलेल्या असतात, म्हणून गणितानं तिथली उंची शून्य यायला हवी. चिन्ह काढताना मात्र हा आकार देणाऱ्या बेरजेतली मोजकीच पदं घेतली आहेत, त्यामुळे कडा उचललेल्या दिसतात. गणित थोडं मोडलं, पण चित्र उभं राहिलं.

मुखपृष्ठाचं खरं काम तिथेच असतं. समीकरण कुठेही फुकट मिळतं. ते कुठून कुठपर्यंत काढायचं, कशानं कापायचं आणि कापलेली कड कशी दिसू द्यायची, हे आपल्याला ठरवावं लागतं. बरेच गणिती पृष्ठभाग अनंतापर्यंत पसरतात. ते चौकोनी खोक्यात जसे येतील तसे काढले की चित्र कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीतलं वाटतं.

खाली जे सांगितलंय त्याला ८ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप पुरतो. पायथन ही भाषा, तिच्यातली नमपाय (आकडेमोडीसाठी) आणि स्किट-इमेज (पृष्ठभाग शोधण्यासाठी), त्रिमिती चित्रासाठी ब्लेंडर, अक्षरांसाठी इंकस्केप आणि पानाच्या मांडणीसाठी स्क्रिबस लागतील. सगळं मोफत आहे. उदाहरण म्हणून लातूरच्या मोंढ्यातल्या अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर धरू. ते पेनड्राइव्हवर, ए-५ आकाराच्या कार्डाच्या पाकिटात द्यायचंय, आणि त्याच चित्रावरून मोबाइल अ‍ॅपचं चिन्हही करायचंय.

कोणता पृष्ठभाग घ्यावा

पहिल्यांदा करणाऱ्यानं एनेपर घ्यावा. आल्फ्रेड एनेपरनं १८६४ मध्ये मांडलेला हा पृष्ठभाग तीन ओळींत लिहून होतो आणि पाकळ्यांसारखा दिसतो. थोडा हात बसला की जायरॉइड. तो अ‍ॅलन शोननं नासात असताना शोधला आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केला. तो तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येतो, म्हणून कुठूनही कापता येतो. कोस्टाचा पृष्ठभाग फार देखणा आहे, पण त्याला वायरश्ट्रास या गणितज्ञाची अवघड एलिप्टिक फलनं लागतात आणि तीन ठिकाणी तो अनंताकडे पळतो. पहिल्या कामाला त्याच्या वाटेला जाऊ नये.

मॅटलॅबचा पडदा आणि मॅथमॅटिकाचा द्वादशफलक मात्र घेऊ नका. समीकरणावर कोणाची मालकी नसते, पण ती दोन्ही चित्रं त्या कंपन्यांची ओळख आहेत. उद्या तुमचं पाकीट बघून कोणी त्यांचंच समजलं, तर नोटिशीला उत्तर देत बसावं लागेल.

एनेपर: जाळं विणायचं

र ही त्रिज्या आणि थ हा कोन धरा:

क्ष = र कॉस थ − (र³ कॉस ३थ) ÷ ३
य = −र साइन थ − (र³ साइन ३थ) ÷ ३
झ = र² कॉस २थ

थ शून्यापासून ३६० अंशांपर्यंत फिरवा. र कुठे थांबवायचा, यावर चित्र ठरतं. र एकच्या आत असेल तर नुसतं खोगीर दिसतं. १.५ च्या आसपास पाकळ्या वळून एकमेकींकडे येतात, आणि मुखपृष्ठाला हीच जागा चांगली. वर्गमूळ ३, म्हणजे साधारण १.७३ ला त्या एकमेकींना टेकतात आणि त्यापुढे पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. छेद गेलेलं चित्र छोट्या आकारात गिचमीड दिसतं.

दोनच वर, दोनच खाली अशा पाकळ्या कमी वाटत असतील तर याच घराण्यातला पुढचा घ्या:

क्ष = र कॉस थ − (र⁵ कॉस ५थ) ÷ ५
य = −र साइन थ − (र⁵ साइन ५थ) ÷ ५
झ = (२ ÷ ३) र³ कॉस ३थ

याला तीन वर आणि तीन खाली पाकळ्या येतात. इथे र १.३ च्या पुढे नेऊ नका. हा आधीच्यापेक्षा लवकर स्वतःला भिडतो.

र चे १२० आणि थ चे ३६० भाग पाडले की ४३ हजारांच्या आसपास चौकोन होतात, तेवढे बास. दोन ठिकाणी हमखास बिघडतं. शून्य अंश आणि ३६० अंश इथले बिंदू एकच असले तरी जाळ्यात ते दोनदा येतात, म्हणून पृष्ठभागावर केसासारखी एक रेघ दिसते. आणि र शून्य असताना ३६० बिंदू एकाच जागी गोळा होतात, म्हणून मधोमध चुरगळल्यासारखं होतं. ब्लेंडरमध्ये जाळं आणल्यावर एडिट मोडमध्ये सगळं निवडून 'मर्ज बाय डिस्टन्स' चालवा. दोन्ही दुखणी एका झटक्यात जातात.

जायरॉइड: घनातून कोरायचा

इथे सूत्र असं:

फ = साइन क्ष · कॉस य + साइन य · कॉस झ + साइन झ · कॉस क्ष

फ शून्य जिथे येतो तो जायरॉइड. काटेकोर बोलायचं तर ही खऱ्या जायरॉइडची फार जवळची नक्कल आहे. मुखपृष्ठावर फरक दिसणार नाही. असा पृष्ठभाग सरळ काढता येत नाही. अवकाशात बिंदूंची जाळी टाकून प्रत्येक बिंदूवर फ मोजायचा आणि मग मार्चिंग क्यूब्स या पद्धतीनं शून्याची पातळी शोधायची. ही पद्धत लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. स्किट-इमेजमध्ये ती तयार मिळते.

तिन्ही अक्ष −७ ते ७ घ्या आणि प्रत्येकावर २८१ बिंदू. दोन बिंदूंमधलं अंतर, म्हणजे पाऊल, ०.०५ पडतं आणि एकूण बिंदू साधारण २ कोटी २२ लाख होतात. नमपाय सवयीनं दुहेरी अचूकतेनं मोजतं, त्यात एक थर, म्हणजे सगळ्या बिंदूंच्या आकड्यांचा एक संच, १७८ एमबीचा होतो. फ्लोट-३२, म्हणजे एकेरी अचूकता, सांगितली की निम्मा. खरी मेमरी खातात ते मधले थर: सहा साइन-कॉस, त्यांचे गुणाकार, मग बेरजा. म्हणून साइन आणि कॉस आधी २८१ आकड्यांच्या एका ओळीवर काढा आणि मग ब्रॉडकास्टिंगनं (ओळी आपोआप पसरवून गुणायच्या नमपायच्या सोयीनं) गुणा. हे न करता कोणी थेट ८०० बिंदू लावले तर एकेक थर ४ जीबीचा होतो आणि लॅपटॉप तिथेच बसतो.

बिंदूंची जाळी देणारं नमपायचं मेशग्रिड वापरत असाल तर इंडेक्सिंग 'आयजे' सांगायला विसरू नका. न सांगता पहिले दोन अक्ष अदलाबदल होतात. गोल किंवा ठोकळा काढताना ते कळतही नाही. जायरॉइडच्या दोन बाजूंच्या पोकळ्यांना मात्र डावा-उजवा असतो, त्यांचं आरशातलं रूप तयार होतं. मोंढ्यात कोणी विचारणार नाही, पण स्फटिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हातात पाकीट पडलं तर तो नक्की बोलेल. तसंच मार्चिंग क्यूब्सला स्पेसिंग ०.०५ द्या. नाही दिलं तर आकृती २८० एकक रुंद येते आणि ब्लेंडरमध्ये कॅमेरा तिच्या पोटात जाऊन बसतो.

नुसता पृष्ठभाग कागदासारखा पातळ असतो, कड दिसत नाही. जाडी हवी तर फ चा वर्ग वजा ०.०४ हे नवं फलन घ्या आणि त्याची शून्य पातळी काढा. म्हणजे फ उणे ०.२ ते अधिक ०.२ एवढं कवच राहतं. जाडी सगळीकडे अगदी सारखी येत नाही, कारण फ कुठे भराभर बदलतो, कुठे सावकाश. डोळ्याला खटकत नाही. खटकलं तर फ ला त्याच्या ग्रेडियंटच्या लांबीनं, म्हणजे त्या जागी तो किती भराभर बदलतो त्या आकड्यानं, भागा. जाडी कमी करताना जपून. ०.२ च्या जागी ०.०३ घातलं तर कवच जाळीच्या एका पावलापेक्षाही पातळ होतं, दोन बिंदूंच्या मधून निसटतं आणि पृष्ठभागाची चाळणी होते. कवचात किमान चार पावलं मावली पाहिजेत. उलट कवचाऐवजी नळ्यांचं जाळं हवं असेल तर फ ची पातळी १ ते १.२ घ्या. १.४ च्या जरा पुढे नळ्या मधेच तुटून सुटे गोळे होतात.

आता कापणं. २ पाय (२ × ३.१४) एवढ्या त्रिज्येच्या गोलानं कापलं की दोन आवर्तनं मावतात आणि आकृती फळासारखी भरीव वाटते. घनाकार कापला की कारखान्यातल्या सुट्या भागासारखा दिसतो. वाळूजच्या एखाद्या मशीन शॉपसाठी सॉफ्टवेअर असेल तर तोच घ्या. गोल कापायचा सोपा मार्ग म्हणजे कवचाचं फलन आणि 'मध्यापासूनचं अंतर वजा त्रिज्या' या दोहोंतलं मोठं घेणं. पण मग कापलेल्या कडा करवतीसारख्या येतात, कारण मार्चिंग क्यूब्सला धारदार कोपरा दाखवताच येत नाही. तो जाळीच्या चौकोनातून तिरका जातो. पाऊल निम्मं केलं तर दाते बारीक होतात आणि मेमरी आठपट लागते. त्यापेक्षा कवच न कापता पूर्ण घनात काढा, ब्लेंडरमध्ये एक गुळगुळीत गोल घ्या आणि बूलियन मॉडिफायर (इथे दोन आकृत्यांचा सामाईक भाग ठेवणारा) 'इंटरसेक्ट' आणि 'एक्झॅक्ट' वर लावा. मटेरियलसाठी 'ट्रान्सफर' निवडलं की कापलेल्या तोंडांना गोलाचा रंग मिळतो. त्या तोंडांना फिका, सपाट रंग दिला की आकृती ताज्या कापलेल्या फळासारखी उघडते. काहीही न कापता कवच काढाल तर जाळीच्या टोकांना भोकं राहतात आणि बूलियन नखरे करतो. म्हणून मार्चिंग क्यूब्सच्या आधी सगळ्या सहा बाजूंना एक थर धन आकड्यांचा लावून घ्या.

टोकदार पृष्ठभागांना, उदाहरणार्थ बार्थ या गणितज्ञाच्या १९९६ च्या ६५ टोकांच्या षष्ठघाती पृष्ठभागाला, मार्चिंग क्यूब्स लावू नका. टोकाचा नेमका बिंदू जाळीवर पडत नाही, म्हणून तिथे एकतर नळी उघडते किंवा दोन तुकडे सुटे होतात. त्यासाठी जर्मनीतल्या ओबरवोल्फाखच्या गणित संस्थेतून आलेलं सर्फर हे सॉफ्टवेअर वापरा. ते किरण टाकून थेट समीकरणच सोडवतं आणि टोकं टोकदार राहतात.

रंग आणि प्रकाश

जायरॉइड आणि एनेपर दोहोंना दोन बाजू आहेत, आणि दोन्हींना वेगळा रंग दिल्याशिवाय घडी डोळ्याला कळत नाही. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछांव साधतात. तसे शेजारशेजारचे, पण उजेडात फरक असलेले दोन रंग निवडा. मोरपंखी आणि गडद जांभळा चालतो. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद असतील तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये एकच होतात, आणि दुकानदार कार्डाची झेरॉक्स काढतोच.

एनेपरच्या पातळ जाळ्याला जिओमेट्री नोडमधल्या 'बॅकफेसिंग'वरून दोन रंग मिसळता येतात. मग त्याला जाडी देण्यासाठी सॉलिडिफाय लावला की सगळं एकरंगी होतं. कारण जाडी आली की पृष्ठभाग बंद झाला, आणि बंद पृष्ठभागाची मागची बाजू कॅमेऱ्याला दिसतच नाही. उपाय सॉलिडिफायमध्येच आहे: वस्तूला तीन मटेरियल द्या, 'मटेरियल ऑफसेट' १ आणि 'रिम' २ करा. पुढची बाजू, मागची बाजू आणि कड, तिन्हींचे रंग हातात येतात. जायरॉइडच्या कवचाला बाजू फ च्या चिन्हावरून कळते. जाळं साठवायच्या पीएलवाय फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला त्याप्रमाणे रंग लिहून द्या.

मुख्य दिवा वस्तूच्या दुप्पट मोठा एरिया लाइट, वर डावीकडे, पृष्ठभागाला घासून जाईल असा तिरका. समोरून प्रकाश टाकला की घड्या सपाट होतात. दुसरा दिवा पहिल्याच्या सहाव्या हिश्श्याचा, त्याच्या विरुद्ध बाजूनं. रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.४ च्या आसपास. त्याखाली आरशासारखी चकाकी येते आणि आकारापेक्षा दिव्यांचंच प्रतिबिंब दिसतं. उजेड-सावलीच्या सीमेवर पायऱ्या दिसल्या तर जाळं विरळ आहे. सबडिव्हिजन एक पायरी वाढवा. रंग ठरवल्याप्रमाणे हवेत तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' ठेवा. नव्या ब्लेंडरमध्ये सुरुवातीला असलेला 'एजीएक्स' भडक रंग मुद्दाम फिके करतो.

कॅमेरा ऑर्थोग्राफिक (लांबचं लहान न दाखवणारा) ठेवून जायरॉइडकडे घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे बघा. तिथून तीन-तीनच्या फिरत्या घड्या दिसतात. जायरॉइडचा हा सगळ्यात चांगला चेहरा आहे, आणि चिन्हालाही तोच उपयोगी पडतो.

लाइट गेली तर

चैत्र-वैशाखात नांदेड-परभणीकडे दुपारी दोन गोष्टी होतात: लाइट जाते आणि लॅपटॉप तापून स्वतःच मंद होतो. एका चित्राचं तीन तासांचं रेंडर (ब्लेंडरनं अंतिम चित्र काढणं) मधेच गेलं तर काहीच हाती राहत नाही. म्हणून ५१२ सँपल्सचं (प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाची ५१२ मोजमापं) एक रेंडर लावण्याऐवजी ६४ सँपल्सच्या आठ फ्रेम लावा. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात, सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) याच्या शेजारचं घड्याळाचं चिन्ह दाबून ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा दाणा (चित्रातली खरखर) वेगळा पडतो. फाइलचा प्रकार मल्टिलेअर ईएक्सआर निवडा, म्हणजे प्रत्येक फ्रेम त्यात आपोआप साठते. शेवटी सायकल्सच्या 'मर्ज इमेजेस' आज्ञेनं आठही एक करा. पाच फ्रेम झाल्यावर लाइट गेली तर उरलेल्या तीनच लावायच्या. सीड तोच राहिला तर आठही चित्रांत तोच दाणा येतो आणि मिसळून काही उपयोग होत नाही. डीनॉइझर, म्हणजे दाणा पुसणारी सोय, या आठांवर लावू नका. एक झाल्यावर, तोही गरज असेल तरच. बारीक कडा तो पुसून टाकतो.

छपाई

ए-५ म्हणजे १४८ × २१० मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं की १५४ × २१६ मिमी. ३०० डीपीआयला ते १८१९ × २५५१ पिक्सेल होतं. रेंडर याच मापाचं करा. छोटं करून मोठं केलं की कडा मऊ पडतात. फाइल १६ बिटची ठेवा. गडद पार्श्वभूमीवरचा हळूहळू बदलणारा रंग ८ बिटमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. ८ बिट करावंच लागलं तर आधी किंचित दाणा मिसळा.

ब्लेंडर आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात काम करतं, छापखान्यात सीएमवायके, म्हणजे चार शाया. पडद्यावरचा विजेरी निळा आणि पोपटी हिरवा शाईत येतच नाही. स्क्रिबसमध्ये छापखान्याचा प्रोफाइल लावून आधीच बघा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. पार्श्वभूमी काळी हवी असेल तर नुसती काळी शाई करड्या छटेची दिसते. ६० निळी, ४० किरमिजी, ४० पिवळी, १०० काळी असं मिश्रण घ्या. बेरीज २४० टक्के होते, आर्ट कार्डला झेपते. चारही शाया शंभर-शंभर ठेवल्या तर शाई वाळत नाही आणि वरच्या कार्डाच्या पाठीला लागते. बारीक अक्षरांना मात्र नुसती काळी. चार शायांत ती छापली की जरा हललं तरी रंगीत सावली येते. ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन चांगलं, पण मॅटनं गडद छटा थोड्या फिक्या पडतात, तेवढा कॉन्ट्रास्ट आधीच वाढवा. शे-दोनशे कार्डांना डिजिटल छपाईच परवडते. हजाराच्या पुढे ऑफसेट.

नावाच्या अक्षरांचा घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं. छापखान्यातल्या जुन्या संगणकावर जुन्या पद्धतीचे फॉन्ट आणि त्याहून जुनं सॉफ्टवेअर असेल तर जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, रफार गायब होतो. म्हणून इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून अक्षरांच्या आकृत्या करा आणि मगच पीडीएफ द्या. टाइप केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा. आकृत्या झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता येत नाही. मुक्ता किंवा बालू हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, दोन्ही मोठ्या आकारात स्वच्छ उठतात. शिरोरेषेच्या वर मात्रांना जागा सोडा, आणि नाव पृष्ठभागाच्या घड्यांवर टाकू नका. आकृती कार्डाच्या खालच्या दोन तृतीयांशात आणि नाव वर, सपाट रंगावर.

छोटा आकार

गुगल प्लेला चिन्ह ५१२ × ५१२ पिक्सेल आणि फीचर ग्राफिक १०२४ × ५०० लागतं. कार्डावरचं चित्र नुसतं लहान करून चिन्ह होत नाही. मोबाइलच्या पडद्यावर दोन आवर्तनांचा जायरॉइड म्हणजे नुसता ठिपका. चिन्हासाठी वेगळं रेंडर करा: गोलाची त्रिज्या पाय एवढी करून एकच आवर्तन ठेवा, कवच जाड करा, म्हणजे ०.२ च्या जागी ०.४, आणि रंग दोनच ठेवा. रेंडर ४८ पिक्सेलला छोटं करून हातभर अंतरावरून बघा. तीन घड्या वेगळ्या ओळखू येत नसतील तर जाडी अजून वाढवा किंवा चिन्हासाठी एनेपरकडे वळा.

छापखान्याकडून आलेला नमुना ट्यूबलाइटखाली पास करू नका. दिवसाउजेडी, खिडकीपाशी बघा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पायथनची फाइल, ब्लेंडरची फाइल आणि एक साधी टेक्स्ट फाइल राहू द्या. तिच्यात पाऊल, पातळी, त्रिज्या, सीड आणि ब्लेंडरची आवृत्ती लिहा. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती निघाली की त्यातला एकच आकडा बदलून नवं मुखपृष्ठ काढता येतं: पातळी शून्यावरून ०.५ केली तरी घडी निराळी पडते आणि घराणं तेच राहतं.